आवाज खाणारा डबा

महिन्याभरात तो डबा तिसऱ्यांदा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आला. पहिल्या वेळी मी तो हौसेने उघडला होता, दुसऱ्या वेळी शिव्या देत. तिसऱ्या वेळी नुसती बघत बसले, न कळवता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी.

डब्याचं काम साधं आहे. गिटारच्या अँपमधून निघालेला आवाज स्पीकरपर्यंत पोचायच्या आधी मध्येच अडवायचा आणि त्यातला बराचसा खाऊन टाकायचा. वर एक बटण, एक ते पाच आकडे. पाचवर ठेवलं की अँप जीव तोडून बोंबलत असतो आणि स्पीकर कुजबुजतो. खाल्लेल्या आवाजाची उष्णता होते, म्हणून डबा तापतो. आता तुम्ही म्हणाल, मग अँपचाच आवाज कमी का करत नाहीत? असा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस शहाणा असतो, आणि म्हणूनच तो गिटार वाजवत नाही.

ट्यूबवाला अँप कमी आवाजात गात नाही म्हणे, नुसता खोकतो. कुया तेओंचा अँप सातवर गेल्याशिवाय गात नाही. आणि तो सातवर गेला की सी-विंड हॉटेलात पाहुण्यांच्या सूपमध्ये लाटा उठतात. हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी दोनदा हसत हसत सांगितलं, तिसऱ्यांदा न हसता. येत्या शनिवारी त्या स्वतः पुढच्या टेबलावर बसून ऐकणार होत्या. आवाज जास्त झाला तर पुढच्या आठवड्यापासून दुसरा बँड. पाच जणांचा बँड, पाच घरं त्यावर चालतात.

कुया तेओ म्हणजे तेओफिलो आब्रेनिका, वय सदुसष्ट, सगळ्या गावाचे कुया, म्हणजे थोरले भाऊ. आमच्या ओलोंगापोत अमेरिकन आरमाराचा तळ होता तेव्हा खलाशांच्या क्लबांत रोज सहा-सहा तास वाजवलेला माणूस. अँप त्यांनी मायदेशी निघालेल्या एका खलाशाकडून घेतलेला. माझे वडील होते तोवर तो अँप वडिलांनी सांभाळला, गेली एकतीस वर्षं मी सांभाळतेय. डबा मात्र नवा. तो आणला आर्सिंगने. आर्सिंग बास वाजवतो, बँड तोच चालवतो, आणि त्याच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला मी धर्माची आई झाले, त्यामुळे तो मला कुमारे म्हणतो आणि मी त्याला कुम्पारे. या नात्यात नाही म्हणता येत नाही. म्हणूनच लोक हे नातं जोडतात, असा मला दाट संशय आहे.

पहिल्या वेळी डब्यात खरोखरच दोष होता. तीन नंबरवर आवाजच नाही. उघडून बघते तर आतला एक मोठा रेझिस्टन्स जळून तडकलेला. कारण शोधायला मीटर लागला नाही. डब्याला वरून हवेसाठी भोकं असतात, आणि पेर्लाने, म्हणजे कुया तेओंच्या बायकोने, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. चांगला दुपदरी, कडेला झालर. पेर्लाच्या घरात टीव्हीला रुमाल, फ्रिजला रुमाल, फोनला रुमाल. नवीन वस्तू घरात आली आणि उघडी राहिली तर शेजारी काय म्हणतील. मी रेझिस्टन्स बदलला, रुमाल धुऊन परत पाठवला आणि सोबत निरोप दिला की हा डबा नागडाच ठेवा.

दुसऱ्या वेळी कुया तेओंची तक्रार वेगळी. "मेडिंग, आवाज बुजतोय. गोधडीखालून आल्यासारखा येतोय." मी प्रत्येक आकड्यावर मीटर लावला. स्पीकर जोडून आठ ओमच्या आसपास हवा, तेवढाच. स्विचचे पत्रे साफ केले, सगळे सोल्डरचे डाग नव्याने दिले. मग सहज वायर बघितली, तर अँपपासून डब्यापर्यंत गिटारची बारीक वायर लावलेली. ती कोमट झाली होती. मी कुया तेओंना वयाचा मान राखून जेवढं झापता येतं तेवढं झापलं. ही वायर आतून तुटली असती तर अँपचा ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि तसला आता कुठे मिळत नाही. ते मान डोलवत राहिले, हसत राहिले. मी जाड वायर करून दिली. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय. मंगळवारी सकाळी दुकान उघडते तोच आर्सिंग दारात. एका काखेत डबा, दुसऱ्या हातात गरम पुतोची, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या गोड वड्यांची पिशवी. पिशवी बघूनच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्याकडे कुणी खायला घेऊन आलं की समजावं, पाठोपाठ काहीतरी गिळावं लागणार आहे.

अर्धा तास तो बोलला. माझ्या धर्मलेकीच्या परीक्षेबद्दल, पाण्याच्या लाईनबद्दल, शेजारच्या न्हाव्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल. मी चार पुतो खाल्ले. शेवटी उठता उठता म्हणाला, "कुमारे, डब्याचं बघ जरा. कुया म्हणतात अजून बुजतोय."

"मागच्या वेळी सगळं तपासलंय मी."

"हो, हो. तुझ्या कामाबद्दल कोण बोलतंय? पण या वेळी असं कर ना, कुयांना शेजारी बसव आणि त्यांच्यासमोर तपास. म्हणजे त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"तेच, डब्याचं." तो पिशवीची घडी घालायला लागला. "तू नीट समजावतेस ना. आम्हाला तसं नाही जमत."

मला त्यात आपली स्तुती दिसली. बाईमाणसाने पन्नाशी ओलांडली तरी स्तुतीपुढे अक्कल गहाण पडते, हे मी स्वतःवरून सांगते.

दहा वाजता कुया तेओ आले. तीनचाकीतून अँप, स्पीकर, गिटार, आणि इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे यायचं तर इस्त्रीचा शर्ट घालतात, वडील होते तेव्हापासूनची सवय. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि अँप तापू दिला. डबा चारवर ठेवला.

"वाजवून दाखवा कुठे बुजतंय ते."

त्यांनी वाजवलं. मला स्वच्छ ऐकू येत होतं. आवाज बारीक होता, पण तारेवर नख लागल्याची कड त्यात होती. "बघ," ते म्हणाले, "वरचं सगळं गेलंय. नुसता भात, वर मासळी नाही."

कमी आवाजात कुणालाही थोडं बुजकटच लागतं, कानाचा तो धर्मच आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते हसून हो म्हणाले. म्हणजे पटलं नव्हतं. तेव्हा मी माझं जुनं यंत्र काढलं. वडिलांनी तळावरच्या भंगारातून आणलेलं, हव्या त्या पट्टीची सरळ शिट्टी वाजवतं. ते अँपला लावलं, म्हणजे डबा नेमकी कोणती पट्टी खातोय ते कळेल. चकतीवरची सुई मी हळूहळू वर नेत गेले.

"पाचशे. येतंय ऐकू?"

"येतंय."

"हजार?"

"येतंय."

"दोन हजार."

"आहे. पण बघ, इथून बुजायला लागलं."

"तीन हजार."

त्यांनी मान तिरकी केली. "हं. आहे. कोपऱ्यात कुठेतरी."

मी सुई चार हजारावर नेली. शिट्टी अशी लागली की माझ्या दाढेतलं चांदी भरलेलं भोक दुखलं. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलं. न्हावी तिकडून ओरडला, "मेडिंग, हात हलतोय माझा, गिऱ्हाईकाचा कान जाईल."

कुया तेओ अजून मान तिरकी करून बसले होते. शांत, वाट बघत. थोड्या वेळाने म्हणाले, "चालू कर ना."

मी बोट बटणावरच ठेवून बसले. माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "हो, करतेच आता," असं निघालं. एकतीस वर्षं मी या गावाच्या गोड बोलण्याला नावं ठेवत आले, आणि वेळ आली तेव्हा सगळ्यात गोड मीच बोलले. शिट्टी बंद केली, वायर आणते म्हणून सांगितलं आणि बाहेर पडले.

आर्सिंग शेजारच्या न्हाव्याकडे खुर्चीत होता. गालांना फेस लावून, डोळे मिटून. सकाळी आठला मला भेटलेला तेव्हा त्याची दाढी गुळगुळीत होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुम्पारे, डोळे उघड. किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "काय माहीत आहे?"

"त्यांचे कान गेलेत ते."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि विलक्षण काळजीपूर्वक खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"दोन वर्षं," आर्सिंग म्हणाला. "थोडं जास्तच."

"आणि सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार, कुमारे? माझा पहिला सूर त्यांनी बोट धरून लावून घेतला. त्यांच्या तोंडावर सांगू, की तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही एवढ्या मोठ्याने वाजवता?"

"मग तो डबा कशाला आणलास?"

त्याने फेस लागलेल्या तोंडाने जे सांगितलं ते ऐकून मी न्हाव्याच्या बाकावर टेकले. मॅनेजरबाईंची तक्रार तर होतीच. पण चौघांनी मिळून असा विचार केला होता, की डबा लावला की आवाज कमी होईल, कमी आवाजात कुयांना ऐकू येणार नाही, आणि मग त्यांचं त्यांना कळेल. कुणी कुणाला काही सांगायला नको. आणि हे जमलं नाही, कुया डब्यालाच दोष देत बसले, तेव्हा ठरलं की मेडिंगकडे पाठवू. मेडिंग मापं घेते. मेडिंग सांगेल.

"म्हणजे बंदूक तुमची आणि खांदा माझा."

"तू बाहेरची आहेस ना," तो अजिजीने म्हणाला. "म्हणजे, बँडच्या बाहेरची."

मागणीला नकार द्यायचा तर आमच्याकडे मावशीला पाठवतात, भाडेकरूला हलवायचं तर पाद्रीबाबांना. बहिऱ्याला बहिरा म्हणायला अँपवालीला पाठवायचं, ही नवीन पद्धत मात्र या गाढवांनी काढली. मी त्याला एवढं सगळं बोलले नाही. "शनिवारला चार दिवस आहेत," एवढंच म्हणून उठले.

परत येताना डोक्यात एकच प्रश्न. सांगायचं तर कसं? हळू बोलले तर त्यांना कळणार नाही. मोठ्याने बोलले तर न्हावी, समोरची कपडे धुणारी, चौकातले तीनचाकीवाले, सगळ्यांना कळेल. जी गोष्ट कानात सांगायची ती गल्लीभर ओरडून सांगायची वेळ माझ्यावर आली होती.

कुया तेओ स्टुलावर तसेच बसले होते. डबा मांडीवर. मी समोर बसले.

"सुई चार हजारावर होती, मेडिंग," ते म्हणाले. "डोळे शाबूत आहेत माझे. आणि ते कुत्रं काही उगाच उठून गेलं नाही."

मी यंत्राची सुई मागे शून्यावर नेली.

"तीन वर्षांपूर्वी मी पेर्लाला विचारलं, यंदा रातकिडे का नाहीत गं? ती म्हणाली, डोकं उठवलंय त्यांनी. तेव्हा समजलो. आता ओठ बघून चालवतो. पेर्लाला वाटतं, मी म्हातारपणी तिच्याकडे टक लावून बघायला लागलो. खूष आहे."

"मग हा डबा तीन तीनदा का आणलात?" मी विचारलं. माझ्या आवाजात रडू होतं, पण ते त्यांना दिसलं नसावं.

"आर्सिंगने आणला. दर शनिवारी माझ्यापुढे उभा राहतो आणि विचारतो, कुया, डबा खराबच आहे ना? एवढंसं तोंड करून. त्याच्या तोंडावर कसं सांगू, की डबा चांगला आहे? बिचाऱ्याने एवढ्या हौसेने आणला."

देवा रे. दोन्हीकडून.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "आता माझं एक काम कर. तुझ्या पावतीवर लिही, दुरुस्त होणार नाही. मी आर्सिंगला दाखवीन. डब्याशिवाय हॉटेलात वाजवता येत नाही, म्हणून मी घरी बसतो, असं म्हणेन. कुणाला वाईट वाटणार नाही. शनिवारी तो तरुण कोणीतरी उभा करेल, मॅनेजरबाईही खूष."

"आणि तुम्ही?"

"मी काय. पेर्लाकडे बघत बसेन."

ते हसले. मी मात्र हसू शकले नाही. मी ती पावती लिहून दिली असती तर तो माणूस पुन्हा कधी चार लोकांत वाजवायला बसला नसता, आणि सगळे म्हणाले असते, काय करणार, डबाच खराब निघाला. एकतीस वर्षांत चांगल्या वस्तूला मी खराब म्हटलेलं नाही. मी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

तेवढ्यात दारात आर्सिंग. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला फेस. राहवलं नसणार. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि चेहऱ्यावर तेच ते हसू चढवलं.

"काय कुया, डबा खराबच आहे ना?"

"खराबच आहे रे," कुया तेओ म्हणाले.

"वाटलंच मला."

"मेडिंग लिहून देतेच आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. किती प्रेमळ होते ते दोन्ही चेहरे, मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

"खराब आहे ना?" मी म्हणाले. "मग नकोच तो." अँप बंद केला, डबा मधून काढला आणि स्पीकर सरळ अँपला जोडला. चालू अँपची वायर काढू नये एवढं भान रागातही होतं. मग अँप चालू केला आणि बटण सातवर नेलं. "वाजवा, कुया."

"इथे? दुकानात?"

"वाजवा."

त्यांनी गिटार घेतली. पहिला सूर निघाला आणि माझ्या फडताळातले ट्यूबचे खोके नाचायला लागले. खलाशांच्या वेळचं काहीतरी संथ होतं, तार ओढून ओढून रडवायचं. खरं सांगते, सुंदर होतं. बाहेर तीनचाक्या थांबल्या. कुया तेओंचे डोळे मिटले, खांदे खाली आले. कितीतरी आठवड्यांनी ते स्वतःला ऐकत होते.

आर्सिंग त्यांच्या समोर उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. कुया तेओंनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, तसा तो बोलायला लागला. त्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यालाही वाटलं असणार, की आता कुणालाच ऐकू येत नाही, म्हणूनच त्याची जीभ सुटली. दोन वर्षांचं एका दमात बोलला, फेस हनुवटीवरून शर्टावर ओघळला तरी थांबला नाही.

कुया तेओंनी तारांवर तळहात ठेवला. दुकान एकदम गप्प झालं.

"'कुया, तुमचे कान गेलेत, आणि आम्ही सगळे भित्रे आहोत,'" ते म्हणाले. "हेच म्हणालास ना? पुढचं मला कळलं नाही. फेस होता तोंडावर."

आर्सिंगने होकाराची मान हलवली.

"पुढचं काय होतं?"

"माफ करा, असं होतं," आर्सिंग म्हणाला. मग ते त्याने पुन्हा एकदा म्हटलं, नीट समोर बघून, ओठ दिसतील असं.

कुया तेओंनी डबा ओढला, त्यावरची आकड्यांची गोल मूठ खेचून काढली आणि आर्सिंगच्या हातात दिली. मी गिटारवाल्यांना बायका सोडताना बघितलंय, दारू सोडताना बघितलंय. आवाजाचं बटण दुसऱ्याच्या हातात देताना आजवर कुणाला बघितलं नव्हतं.

"शनिवारी डबा तुझ्या पायाशी. तू म्हणशील तेवढाच आवाज."

"पण कुया, मग तुम्हाला ऐकू येणार नाही."

"नाही येणार."

"मग वाजवाल कसं?"

"बोटांना माहीत आहे. चुकलं तर तुमच्या तोंडावर दिसेल ना." पुढचं बोलताना त्यांचा आवाज चढला, म्हणजे किती चढलाय ते त्यांना कळलं नसावं, बाहेर तीनचाकीवाल्यांनीही माना वळवल्या. "पण दिसू दे तोंडावर. दोन वर्षं मी तुमच्याकडे बघत वाजवतोय आणि तुम्ही सगळे हसताय. चुकलो तरी हसताय. आर्सिंग, मला दुसरं काही नव्हतं रे बघायला."

मी अँप बंद करून डबा पुन्हा मध्ये जोडला. मूठ आर्सिंगने बसवली आणि चारवर नेली. अँप चालू केला, कुया तेओंनी तेच संथ पुन्हा सुरू केलं, त्याच्या चेहऱ्यावर नजर लावून. आठदहा सूर नीट गेले. मग एका ठिकाणी बोट घसरलं, सूर खाली लागला. त्यांना ते कळलं नाही, ते पुढे जायला लागले.

आर्सिंगचं हसू सवयीने वर आलं होतं. ते त्याने कसंबसं आवरलं. जन्मात पहिल्यांदाच मोठ्या माणसासमोर त्या भल्या माणसाने तोंड वाकडं केलं, आणि ते त्याला इतकं जड गेलं की डोळ्यांतून पाणी आलं.

कुया तेओंनी मान डोलावली, बोट वर सरकवलं आणि तो सूर पुन्हा घेतला.